दोन वर्षांच्या ग्रीन कार्डची मुदत संपली, अर्ज अजून प्रलंबित: अशा वेळी भारतात येऊन परत अमेरिकेत जाता येतं का?

लग्न करून अमेरिकेत स्थायिक झालेल्या अनेकांच्या आयुष्यात दोन वर्षांनंतर एक विचित्र काळ येतो. हातातल्या ग्रीन कार्डवरची तारीख उलटून गेलेली असते. पुढच्या कार्डासाठीचा अर्ज वेळेत भरलेला असतो, पण निर्णय काही येत नाही. महिने जातात, कधी कधी वर्षं जातात. आणि नेमकं त्याच काळात इकडे भावाचं लग्न ठरतं, वडिलांची बायपास ठरते किंवा आजीची तब्येत अचानक खालावते.

मग व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर प्रश्न पडतो: आत्ता भारतात गेलं तर परत येता येईल का? उत्तरं दोन टोकांची येतात. कुणी म्हणतं, "बिनधास्त जा, आम्ही जाऊन आलो." कुणी म्हणतं, "देश सोडलात की अर्ज रद्द."

थेट उत्तर असं की परत येता येतं. हा अर्ज प्रलंबित असताना परदेशी जायला अमेरिकेचा कायदा आडकाठी करत नाही आणि देश सोडल्यामुळे अर्ज रद्दही होत नाही. पण ज्यांचं गणित बिघडतं, त्यांचं ते बहुतेकदा इमिग्रेशनच्या खिडकीवर बिघडत नाही. ते बिघडतं त्यांच्या अमेरिकेतल्या घराच्या टपालपेटीत. ते कसं, हे समजून घेण्याआधी दोन वर्षांचं कार्ड ही भानगड काय आहे ते पाहू.

दोनच वर्षांचं कार्ड का मिळतं?

अमेरिकी नागरिकाशी किंवा ग्रीन कार्डधारकाशी लग्न झालं आणि त्या आधारे कायम वास्तव्याचा दर्जा मिळाला, तर एक गोष्ट तपासली जाते. दर्जा मिळाला त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं पूर्ण झाली होती का? झाली असतील तर थेट दहा वर्षांचं कार्ड मिळतं. नसतील तर दोन वर्षांचं. त्याला 'कंडिशनल' म्हणजे सशर्त वास्तव्य म्हणतात. अट अशी की दोन वर्षांनी नवरा-बायकोने मिळून हे लग्न खरं होतं, केवळ ग्रीन कार्डसाठी केलेलं नव्हतं, हे दाखवायचं.

ही पद्धत १९८६ च्या एका कायद्याने आली. १० नोव्हेंबर १९८६ रोजी राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी त्यावर सही केली. त्याआधी अशा लग्नांपैकी सुमारे ३० टक्के बनावट असल्याचा आकडा इमिग्रेशन खात्याने अमेरिकी काँग्रेससमोर मांडला होता. ज्या पाहणीवर तो आधारलेला होता ती सदोष असल्याचं पुढे समोर आलं, पण तोवर कायदा झालेला होता आणि तो आजही तसाच लागू आहे.

दोन वर्षं संपण्याआधीच्या ९० दिवसांत आय-७५१ नावाचा अर्ज भरावा लागतो. तो घाईने, म्हणजे ९० दिवसांच्या आधी भरला तर परत येतो. मुदत टळून गेली तर दर्जाच धोक्यात येतो आणि उशिराचं सबळ कारण द्यावं लागतं. अर्जासोबत एकत्र संसाराचे पुरावे जोडायचे: दोघांच्या नावाचं बँक खातं, घराचा करार, कर विवरणपत्रं, विमा, फोटो. हे सगळं 'यूएससीआयएस' या खात्याकडे जातं. नागरिकत्व आणि स्थलांतराचे अर्ज हेच खातं हाताळतं.

तारीख संपली म्हणजे दर्जा संपला का?

नाही, आणि बहुतेकांचा घोळ इथेच होतो. कार्ड हा पुरावा आहे, दर्जा वेगळा. अर्ज वेळेत आणि नीट भरला की त्यावर निर्णय होईपर्यंत कायम रहिवासी हा दर्जा नियमानेच चालू राहतो. फक्त तो दाखवायचा कसा हा प्रश्न उरतो.

त्यासाठी अर्ज मिळाल्यावर खातं एक पावती-पत्र पाठवतं. त्याला आय-७९७ म्हणतात. कार्डाची मुदत अमुक महिन्यांनी वाढवली आहे आणि या काळात नोकरी व प्रवास करता येईल, असं त्यात लिहिलेलं असतं. ही वाढ पूर्वी १२ महिन्यांची असायची. निर्णयांना उशीर होत गेला तशी ती २०१८ मध्ये १८ महिने, २०२१ मध्ये २४ महिने आणि जानेवारी २०२३ मध्ये तब्बल ४८ महिने झाली. दोन वर्षांच्या कार्डाला चार वर्षांची मुदतवाढ! खात्याकडे फायली किती तुंबल्या आहेत, हे सांगायला वेगळ्या आकडेवारीची गरज नाही.

हे ४८ महिने मोजायचे ते कार्डावर छापलेल्या तारखेपासून, पत्र मिळाल्याच्या तारखेपासून नाही. आणि पत्र एकटं चालत नाही, ते जुन्या कार्डासोबतच वाचलं जातं. त्यामुळे मुदत संपलेलं कार्ड फेकून देणं किंवा 'आता काय उपयोग' म्हणून घरी ठेवून येणं महागात पडू शकतं.

आणखी एक गैरसमज. अमेरिकेत राहूनच पहिल्यांदा ग्रीन कार्डसाठी अर्ज करणाऱ्या बहुतेकांना, तो अर्ज प्रलंबित असताना देशाबाहेर जायचं तर 'अ‍ॅडव्हान्स परोल' नावाची परवानगी आधी घ्यावी लागते. ती न घेता गेलं तर अर्ज सोडून दिला असं धरलं जातं. 'देश सोडलात की अर्ज रद्द' हा सल्ला तिथला आहे. आय-७५१ भरणारी व्यक्ती आधीच कायम रहिवासी असते. तिला ही परवानगी लागत नाही.

मुंबई विमानतळाच्या काउंटरवर

प्रवासात सोबत तीन गोष्टी हव्यात: चालू पासपोर्ट, मुदत संपलेलं मूळ कार्ड आणि मूळ पत्र. झेरॉक्स किंवा मोबाईलमधला फोटो हा जादाचा आधार म्हणून असू द्यावा, मूळ पत्राच्या जागी नाही.

अडचण आली तर ती अमेरिकेत उतरल्यावर येण्यापेक्षा इथल्या चेक-इन काउंटरवर येण्याची शक्यता जास्त. कारण साधं आहे. योग्य कागदपत्रं नसलेला प्रवासी अमेरिकेत नेला तर विमान कंपनीला दंड होतो. त्यामुळे काउंटरवरचा कर्मचारी आधी तारीख बघतो आणि तारीख तर गेलेली असते. आय-७९७ पत्र त्याने पूर्वी पाहिलेलं असेलच असं नाही. ऑनलाइन चेक-इनमध्येही कार्डाची जुनी तारीख भरली की गाडी अडू शकते.

अशा वेळी वाद घालत बसण्यापेक्षा सुपरवायझरला बोलवायला सांगावं. मुदत संपलेलं दोन वर्षांचं कार्ड आणि मुदतवाढीचं पत्र असलेल्या प्रवाशाला विमानात घेता येतं, हे अमेरिकी सीमा खात्याने विमान कंपन्यांसाठी काढलेल्या मार्गदर्शक पुस्तिकेत आहे. शंका असली तर कंपनी सीमा खात्याच्या संपर्क कक्षाला फोन करून खात्री करू शकते. या सगळ्याला वेळ लागतो, म्हणून नेहमीपेक्षा तासभर आधी पोहोचलेलं बरं.

मराठी घरांतली एक खास अडचण नावाची आहे. आपल्याकडे लग्नानंतर आडनाव तर बदलतंच, पण मधलं नावही बदलतं: वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचं नाव येतं. पासपोर्ट माहेरच्या नावाचा, कार्ड सासरच्या नावाचं आणि तिकीट तिसऱ्याच पद्धतीने काढलेलं, असं झालं तर आधीच साशंक असलेल्या कर्मचाऱ्याच्या हाती आयतं कारण मिळतं. तिकीट पासपोर्टवरच्या नावानेच काढावं आणि विवाह प्रमाणपत्राची प्रत हातातल्या बॅगेत ठेवावी.

मार्ग निवडतानाही विचार हवा. भारतीय पासपोर्टवर युरोपातल्या काही विमानतळांवर नुसतं विमान बदलायलाही ट्रान्झिट व्हिसा लागू शकतो. ग्रीन कार्ड असेल तर काही देश सूट देतात, पण मुदत संपलेलं कार्ड अधिक पत्र हे प्रत्येक देश ग्राह्य धरतोच असं नाही. तिकीट काढण्याआधी त्या देशाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर नियम पाहणं किंवा थेट विमान घेणं हे दोनच पक्के उपाय. अबू धाबीमार्गे जाणाऱ्यांसाठी माहिती अशी की तिथे अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी विमानात बसण्याआधीच होते. त्यामुळे दोन विमानांमध्ये पुरेसा वेळ ठेवावा.

तपासणीत अधिकाऱ्याने काही प्रश्न विचारले, किती दिवस बाहेर होता, काय काम करता, नवरा किंवा बायको कुठे आहे, तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मात्र आय-४०७ नावाचा फॉर्म पुढे आला तर थांबावं. त्यावर सही करणं म्हणजे आपण होऊन ग्रीन कार्ड सोडून देणं. ही सही ऐच्छिक असते, कुणीही ती सक्तीने घेऊ शकत नाही. पूर्वी अटक झालेली असेल किंवा कुठला गुन्हा सिद्ध झालेला असेल, अगदी दारू पिऊन गाडी चालवल्याचा का असेना, तर मुळात प्रवासाआधीच इमिग्रेशन वकिलाला भेटायला हवं.

खरा धोका: बंद घराची टपालपेटी

अर्ज भरल्यावर खात्याकडून येणारी पत्रं एकदाच येऊन थांबत नाहीत. बोटांचे ठसे देण्याची तारीख येऊ शकते. पुरावे अपुरे वाटले तर आणखी कागदपत्रांची मागणी येते आणि उत्तराला जास्तीत जास्त १२ आठवडे मिळतात. मुलाखतीचं बोलावणं येऊ शकतं. पुरावे भक्कम असतील तर मुलाखत माफ होते, पण ते आधी कळत नाही. आणि यातलं कुठलं पत्र कधी येईल याचा नेम नाही: अर्जानंतर दोन महिन्यांनी येईल किंवा दोन वर्षांनी.

आता समजा, एडिसनमध्ये राहणारं जोडपं दोन महिन्यांसाठी साताऱ्याला आलं आहे आणि तिकडे घराला कुलूप आहे. ठसे देण्याची तारीख आली आणि गेली, कुणी हजर राहिलं नाही आणि आधी कळवलंही नाही, तर अर्ज सोडून दिला असं खातं धरू शकतं. मुलाखतीला गैरहजेरी त्याहून गंभीर. तिथे सशर्त दर्जाच संपुष्टात येऊ शकतो आणि प्रकरण इमिग्रेशन न्यायालयात जातं. एवढं सगळं घडूनही साताऱ्यात बसलेल्या दोघांना त्याचा पत्ता नसतो.

यावरचे उपाय अगदी घरगुती आहेत. शेजारी किंवा मित्राला चावी देऊन आठवड्यातून दोनदा टपाल उघडून फोटो पाठवायला सांगणं हा सगळ्यात खात्रीचा. अमेरिकी टपाल खात्याची 'इन्फॉर्म्ड डिलिव्हरी' ही मोफत सेवा येणाऱ्या लिफाफ्यांचे फोटो ईमेलवर पाठवते. आतलं पत्र त्यात दिसत नाही, पण लिफाफा कुणाचा आहे ते कळतं. टपाल रोखून ठेवण्याची सोय जास्तीत जास्त ३० दिवसांची आहे, त्यामुळे लांबच्या सुट्टीला ती पुरत नाही. शिवाय ज्या पत्रावर तारीख आहे ते टपाल कार्यालयात पडून राहिलं तर उपयोग काय? यूएससीआयएसच्या ऑनलाइन खात्यात अर्जाचा क्रमांक जोडून ठेवला की हालचाल तिथेही दिसते.

घर बदललं असेल तर १० दिवसांत यूएससीआयएसला नवा पत्ता कळवणं बंधनकारक आहे. टपाल खात्याकडे पत्ता बदलला म्हणजे इमिग्रेशन खात्याकडे बदलला असं होत नाही. ही चूक सर्रास होते.

तारीख आली आणि माणूस भारतात असेल, तर ती तारीख उलटण्याआधी योग्य कारण देऊन पुढची तारीख मागता येते. वडिलांचं ऑपरेशन हे योग्य कारण आहे, फक्त त्याची कागदपत्रं जपून ठेवायला हवीत. एकत्रित अर्जात मुलाखतीला दोघांनाही बोलावलं जातं, हेही लक्षात असू द्यावं.

आणि अर्ज भरण्याचे ते ९० दिवसच भारतात असताना आले तर? अर्ज भारतात असतानाही पाठवता येतो, तशी नियमात स्पष्ट तरतूद आहे. पण ठसे आणि मुलाखतीसाठी परतावंच लागतं. शिवाय मुदतवाढीचं पत्र अमेरिकेतल्या पत्त्यावर येणार आणि ते हातात आल्याशिवाय मुदत संपलेल्या कार्डावर विमानात बसणं कठीण. जमत असेल तर अर्ज भरून, पत्र हातात घेऊनच निघावं.

बाळंतपणासाठी माहेरी यायचं असेल तर?

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची जुनी रीत. सातव्या महिन्यात यायचं, बाळ तीन-चार महिन्यांचं झालं की परत जायचं. म्हणजे सहा-सात महिने सहज झाले. आणि अमेरिकी कायद्यात नेमकी हीच रेषा महत्त्वाची आहे.

सलग १८० दिवसांपर्यंतच्या गैरहजेरीनंतर परतणाऱ्या कायम रहिवाशाकडे साधारणपणे घरी परतणारी व्यक्ती म्हणून पाहिलं जातं. १८० दिवस ओलांडले की कायदा तिला नव्याने प्रवेश मागणारी व्यक्ती मानू शकतो. प्रवेश नाकारला जाईलच असं नाही, पण प्रश्न वाढतात आणि आपलं खरं घर अमेरिकेतच आहे हे दाखवावं लागतं. नागरिकत्वासाठी लागणारं सलग वास्तव्यही सहा महिन्यांहून मोठ्या गैरहजेरीने तुटलं असं गृहीत धरलं जातं, पुराव्याने ते खोडून काढावं लागतं. अमेरिकी नागरिकाच्या जोडीदाराला तीन वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. ज्यांचं लक्ष त्या तारखेकडे आहे त्यांना ही गैरहजेरी जास्त जड जाते.

एक वर्षाहून जास्त राहायची वेळ येणार असेल तर 'रीएंट्री परमिट' लागतं आणि त्याचा अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो. इथे आल्यावर आठवलं तर उशीर झालेला असतो. शिवाय वर्ष उलटलं की नुसत्या कार्डावर आणि पत्रावर परतता येत नाही. त्यामुळे सहाव्या महिन्याच्या आत परतीचं तिकीट काढणं सगळ्यात सोपं. बाळ लहान आहे म्हणून मुक्काम महिनाभर वाढवणाऱ्या आजी-आजोबांना हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

बाळाचं काय? वडील किंवा आई अमेरिकी नागरिक असेल आणि अमेरिकेत पुरेशी वर्षं राहिलेली असेल, तर बाळ जन्मतःच अमेरिकी नागरिक असू शकतं. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी दूतावास कार्यालयात त्याची नोंद करून पासपोर्ट घेता येतो. दोघंही ग्रीन कार्डवरच असतील तरी एक दिलासादायक नियम आहे. आई तात्पुरती परदेशात असताना जन्मलेल्या बाळाला आई किंवा वडिलांसोबत, जन्मानंतर दोन वर्षांच्या आत आणि त्या पालकाच्या पहिल्याच परतीच्या प्रवासात नेलं, तर बाळाला वेगळा व्हिसा लागत नाही. बाळाचा भारतीय पासपोर्ट आणि आई-वडिलांची नावं असलेला जन्मदाखला मात्र हवा. 'पहिल्याच' हा शब्द महत्त्वाचा. बाळाला आजीकडे ठेवून आई-बाबा एकदा जाऊन आले की ही सवलत गेली.

कार्ड किंवा पत्र हरवलं तर?

अमेरिकेत असताना पत्र हरवलं किंवा ४८ महिनेही संपत आले, तर यूएससीआयएसच्या संपर्क केंद्राला फोन करून पासपोर्टवर तात्पुरता शिक्का मागता येतो. त्याला एडीआयटी शिक्का म्हणतात. कार्डाच्या जागी तो प्रवासाला चालतो. काही प्रकरणांत २०२३ पासून शिक्का आणि फोटो असलेला कागद घरपोचही येतो. प्रवास तोंडावर असेल तर शेवटच्या आठवड्याची वाट पाहू नये.

भारतात हरवलं, तर पोलिसांत तक्रार नोंदवून आय-१३१ए हा अर्ज करायचा. त्याचं शुल्क ऑनलाइन भरून दूतावास कार्यालयात जावं लागतं. मंजूर झाला की विमानात बसण्यापुरतं कागदपत्र मिळतं. ही सोय एक वर्षाहून कमी काळ बाहेर असलेल्यांसाठी आहे.

आणि कागदपत्रं नवऱ्यानेच काढून घेतली तर?

'चार दिवस माहेरी राहून ये' असं सांगून पत्नीला भारतात आणायचं आणि तिचा पासपोर्ट व कार्ड घेऊन एकट्यानेच परत जायचं, हे प्रकार नवे नाहीत. परदेशस्थ भारतीयांशी लग्न झालेल्या स्त्रियांच्या तक्रारींसाठी राष्ट्रीय महिला आयोगात २००९ पासून स्वतंत्र एनआरआय कक्ष आहे, तो याच कारणाने. दोन वर्षांच्या कार्डावर असलेल्या स्त्रीला यात जास्त भीती दाखवली जाते: "माझ्या सहीशिवाय तुझं कार्ड होणारच नाही."

ते खरं नाही. घटस्फोट झाला असेल, जोडीदाराने मारहाण किंवा छळ केला असेल किंवा त्याचा मृत्यू झाला असेल, तर आय-७५१ अर्ज एकटीने, जोडीदाराच्या सहीविना भरता येतो. लग्न खऱ्या हेतूने केलं होतं एवढं दाखवावं लागतं. या सवलतीच्या अर्जाला ९० दिवसांचं बंधनही नाही. छळाच्या कारणावरून केलेल्या अर्जाची माहिती खातं नवऱ्याला देऊ शकत नाही, गुप्ततेसाठी वेगळा कायदाच आहे. आधी दोघांनी मिळून अर्ज केला असेल आणि मग घटस्फोट झाला, तर त्याच अर्जाचं रूपांतर एकटीच्या अर्जात करून मागता येतं. हेच नियम सशर्त कार्डावर असलेल्या पुरुषांनाही लागू आहेत.

अशा स्त्रीने आधी पासपोर्ट गेल्याची पोलिसांत तक्रार द्यावी. त्या आधारे पासपोर्ट कार्यालयातून नवा पासपोर्ट मिळवता येतो. मग दूतावास कार्यालयात आय-१३१ए. हे सगळं एक वर्षाच्या आत उरकायला हवं, म्हणून 'तो परत बोलावेल' या आशेवर घालवलेले महिने सगळ्यात महाग पडतात. कार्डाच्या दोन्ही बाजूंचे, पत्राचे आणि पासपोर्टचे फोटो निघण्याआधीच अशा ईमेलवर पाठवून ठेवावेत, ज्याचा पासवर्ड दुसऱ्या कुणालाही माहीत नाही. कार्डावरचा 'ए' ने सुरू होणारा क्रमांक तिच्याकडे असला, तर कार्ड कुणाच्याही कपाटात असो, खात्याला तिची फाईल शोधता येते.